नर-मादी उंदरांची वाट शोधण्याची परीक्षा: प्रयोग कसा मांडायचा आणि फरक दिसला तर तो कशाचा म्हणायचा

पहिल्या दिवसाचे आकडे आलेखावर टाकले की अनेकदा ओळखीचं चित्र उमटतं. गढूळ पाण्याच्या हौदात सोडलेले नर उंदीर लपलेल्या प्लॅटफॉर्मवर लवकर चढलेले असतात, माद्यांना जास्त वेळ लागलेला असतो. नवखा विद्यार्थी हरखतो, कारण फरक मिळाला. मीही असाच हरखलो होतो. पण तो उशीर नेमका कशाचा? मादीला जागा उशिरा उमगली, की ती बावरून काठाकाठानंच पोहत राहिली? की ती जागा वेगळ्या खुणांवरून लक्षात ठेवत होती आणि नेमक्या त्याच खुणा आपण पडद्याआड झाकल्या होत्या? घड्याळ या तिन्हींची नोंद एकाच आकड्यात करतं. तेव्हा ही तीन कारणं वेगळी निघतील अशी मांडणी प्रयोग सुरू होण्याआधीच करावी लागते. आकडे हातात आल्यावर ते जमत नाही.

शब्दांचा एक खुलासा आधीच करतो. मराठीत रॅटही (मोठा) उंदीर आणि माऊसही (छोटा) उंदीरच. या विषयात ही गल्लत महागात पडते. २००५ साली जोनासन यांनी अशा प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात रॅटमध्ये वॉटर मेझ (वर सांगितलेला गढूळ पाण्याचा हौद) आणि रेडियल मेझ (चबुतऱ्याभोवती पसरलेल्या वाटांच्या टोकाला खाऊ) या दोन्ही कामांत नरांची सरशी दिसली. माऊसमध्ये मात्र वॉटर मेझमध्ये माद्याच किंचित पुढे निघाल्या. म्हणून या लेखात उंदीर म्हणजे रॅट, आणि माऊसला माऊसच म्हणेन.

पायरी १: प्रश्न एका वाक्यात लिहा

‘नर आणि मादी यांच्या दिशाज्ञानात फरक आहे का?’ हा प्रश्न प्रयोगाला पेलत नाही. त्याचे तुकडे करा. शिकण्याचा वेग मोजायचा आहे, शिकलेलं किती टिकतं ते पाहायचंय, की वाट शोधण्याची पद्धत? तिन्हींना वेगवेगळ्या चाचण्या लागतात.

पद्धतीचा मुद्दा जुनाच आहे. टोलमन यांनी १९४८ साली मांडलं की उंदीर नुसती वळणं पाठ करत नाही, त्याच्या डोक्यात जागेचा नकाशा तयार होतो. १९७१ साली ओकीफ आणि डोस्ट्रोव्स्की यांना हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या स्मृती आणि जागेशी निगडित भागात, अशा पेशी सापडल्या, ज्या उंदीर ठराविक जागी आला की पेटतात. २००५ मध्ये मोझर दांपत्याच्या गटानं शेजारच्या भागातल्या, जाळीसारख्या आखलेल्या ठिकाणांवर पेटणाऱ्या ग्रिड पेशी दाखवल्या, आणि २०१४ चं नोबेल या तिघांना मिळालं, ओकीफ आणि दोघे मोझर. पण नकाशा ही उंदराकडची एकमेव युक्ती नाही. एखाद्या ठळक खुणेकडे सरळ जाता येतं, ‘निघालो की उजवीकडे’ अशी शरीराची सवयही लावून घेता येते. या सवयीत हिप्पोकॅम्पसपेक्षा स्ट्रायटम या मेंदूच्या सवयींशी निगडित भागाचा वाटा मोठा असतो. नर-मादी फरकाची खरी गंमत बहुतेक वेळा इथेच असते. कोण चांगलं, यापेक्षा कोण कशावर विसंबतं, हे जास्त सांगून जातं.

पायरी २: काम निवडा

वॉटर मेझ रिचर्ड मॉरिस यांनी १९८१ मध्ये मांडला. त्यात उंदराला उपाशी ठेवावं लागत नाही, पाण्यात वासाचा माग राहत नाही आणि काम लवकर उरकतं. उणीव एवढीच की पोहणं ही उंदरासाठी तणावाची गोष्ट आहे. तणावाला नर आणि मादी सारखा प्रतिसाद देत नाहीत.

रेडियल आर्म मेझ ऑल्टन आणि सॅम्युएलसन यांचा, १९७६ चा. मध्ये चबुतरा, भोवती आठ किंवा बारा हात, टोकाला खाऊ. इथे भीती कमी, पण भूक मध्ये येते. प्रौढ नराचं वजन वाढतच असतं, मादीचं लवकर स्थिरावतं. ‘मूळ वजनाच्या ८५ टक्के’ हा नेहमीचा नियम दोघांना सारखाच लावला तर आठवड्याभरात नर मादीपेक्षा जास्त भुकेला होतो, आणि भुकेलेला उंदीर जास्त धावपळ करतो. म्हणून ८५ टक्के हे पहिल्या दिवसाच्या वजनाचे न धरता, त्या वयाच्या पोटभर खाणाऱ्या नर किंवा मादीच्या वजनाचे धरा.

बार्न्स मेझमध्ये, १९७९ पासून, उघड्या गोल पाटावरची भोकं आणि त्यांतल्या एकाखाली लपायची पेटी असते. पाणीही नाही, उपासही नाही. मात्र मोकळ्या जागेत माद्या सर्वसाधारणपणे नरांपेक्षा जास्त हिंडतात. भोकांची चुकीची तपासणी मोजताना ‘हिला आठवलं नाही’ आणि ‘हिला हिंडायचंच होतं’ यांतला फरक पुसला जातो.

एकच काम परवडत असेल तर मी हौद घेईन, पण पुढची सहावी पायरी पाळायची या अटीवर. दोन कामं परवडत असतील तर एक पाण्यातलं आणि एक कोरडं घ्या. दोन्हींत फरक एकाच दिशेला गेला तरच तो जागेच्या शिक्षणाचा असण्याची शक्यता वाढते.

पायरी ३: उंदीर आणणं, वाढवणं

जात आधी ठरवा. प्रस्की आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये उंदरांची नजर मोजली. लाँग-इव्हान्ससारख्या रंगीत जातींची तीक्ष्णता साधारण १ सायकल प्रति अंश (नजरेच्या एका अंशात काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची एक जोडी ओळखता येणं) भरली, तर पांढऱ्या, लाल डोळ्यांच्या जातींची जवळपास त्याच्या निम्मी. दूरच्या खुणांवर चालणारा प्रयोग विस्टार किंवा स्प्रॅग-डॉली या पांढऱ्या जातींच्या उंदरांवर करायचा असेल तर खुणा मोठ्या आणि ठसठशीत ठेवा.

वय जुळवा, वजन जुळवू नका. वजन जुळवायला गेलात तर तुमचे नर पोरसवदा निघतील आणि माद्या प्रौढ.

आता पिल्लांच्या वेताबद्दल. एका वेतातली भावंडं एकमेकांसारखी असतात. एकाच आईची चार पिल्लं एका गटात घातली तर कागदावर चार उंदीर दिसतात, प्रत्यक्षात आकडेवारीत त्यांची किंमत चार स्वतंत्र उंदरांइतकी नसते. प्रत्येक वेतातून प्रत्येक गटात एक नर आणि एक मादी घेणं सर्वांत स्वच्छ. उंदीर बाहेरून विकत घेत असाल तर वेताची माहिती मागून घ्या. ती मिळत नसेल तर तसं लिहून ठेवा.

पिंजऱ्यात दोघं-तिघं ठेवा, नर आणि माद्या सारख्याच संख्येत. माद्या जोडीनं आणि नर एकेकटे, असं चुकूनही करू नका. जागा कमी पडली की हे हमखास होतं, कारण मोठे नर एका पिंजऱ्यात मावत नाहीत. अशा वेळी मोठे पिंजरे मिळवा. एकटेपणाचा परिणाम आणि लिंगाचा परिणाम पुढे कुठल्याही गणितानं वेगळे होणार नाहीत.

पायरी ४: हाताळणी

प्रयोगाआधी किमान पाच-सहा दिवस रोज दोन-तीन मिनिटं प्रत्येक उंदीर हातात घ्या. हात कोणाचा आहे यानंही फरक पडतो. २०१४ साली मोगिल यांच्या गटानं दाखवलं की पुरुष संशोधक जवळ असला, किंवा नुसता त्याचा घातलेला टी-शर्ट ठेवला, तरी उंदीर आणि माऊस यांच्यात तणावाची प्रतिक्रिया उठते आणि वेदनेची वागणूक दबते. म्हणून सगळे दिवस एकाच माणसानं चाचणी घ्यावी. ते शक्य नसेल तर कोणी कोणता उंदीर कधी हाताळला याची नोंद ठेवावी. नर एकानं आणि माद्या दुसऱ्यानं, अशी वाटणी मी डोळ्यांनी पाहिली आहे. त्या आकड्यांचं पुढे काहीच करता आलं नाही.

पायरी ५: मादीचं चक्र, किती पाहायचं आणि कसं

‘माद्यांच्या हार्मोन्समुळे आकडे विस्कटतात, नरच घ्या’ हा सल्ला कित्येक पिढ्या चालला. बीरी आणि झुकर यांनी २०११ मध्ये मोजणी केली तेव्हा मज्जाविज्ञानातल्या एकाच लिंगावरच्या अभ्यासांत नरांचे अभ्यास माद्यांच्या साडेपाच पट निघाले. मग बेकर, प्रेंडरगास्ट आणि लियांग यांनी २०१६ मध्ये उंदरांच्या मज्जाविज्ञानातले आकडे तपासले. चक्राकडे न पाहता घेतलेल्या माद्यांच्या आकड्यांत नरांपेक्षा जास्त चढउतार नव्हता. नरांच्याही हार्मोन्समध्ये चढउतार असतो, पिंजऱ्यातली भांडणं असतात, वरचढ कोण हे असतं.

म्हणून आधी ठरवा. तुमचा प्रश्न ‘नर-मादी फरक आहे का’ एवढाच असेल तर चक्र न पाहता माद्या घेतल्या तरी चालतात. प्रश्न ‘फरक कशामुळे’ असा असेल तर चक्र पाहावंच लागेल.

मादीचं प्रजननचक्र चार ते पाच दिवसांचं, टप्पे चार: प्रोइस्ट्रस, इस्ट्रस, मेटइस्ट्रस आणि डायइस्ट्रस. ओळखायचं योनीतल्या पेशींवरून. बोथट टोकाच्या ड्रॉपरमध्ये थोडं सलाईन घ्या, टोक योनीच्या मुखाशीच ठेवा, आत ढकलू नका. सलाईन हलकेच सोडून परत ओढा, थेंब स्लाइडवर टाका आणि कमी मोठेपणाच्या भिंगाखाली पाहा. केंद्रक असलेल्या गोल पेशींचे पुंजके दिसले तर प्रोइस्ट्रस. केंद्रक नसलेले, कडा मुडपलेले, पोह्यांसारखे चपटे तुकडे भरून असतील तर इस्ट्रस. सगळ्यांची सरमिसळ म्हणजे मेटइस्ट्रस. मुख्यतः बारीक पांढऱ्या रक्तपेशी म्हणजे डायइस्ट्रस. एकाच स्लाइडवरून निकाल देऊ नका, दोन पूर्ण चक्रं, म्हणजे आठ-दहा दिवस, रोज ठरल्या वेळी पाहा. ड्रॉपर खोल गेला तर गर्भाशयाच्या मुखाला धक्का लागून खोटी गर्भावस्था येऊ शकते. मग कित्येक दिवस सलग डायइस्ट्रससारखीच स्लाइड दिसत राहते. सलग सात-आठ दिवस तसं दिसलं तर ती मादी बाजूला ठेवा आणि आपला हात तपासा.

नरांनाही रोज तितकाच वेळ, तसंच उचलून धरा, शेपटीच्या बुडाशी ओल्या ड्रॉपरचा स्पर्श करा. नाहीतर माद्यांना दहा दिवसांची जादा हाताळणी मिळते आणि तुम्ही मोजता ते हाताळणीचं फळ.

यातच एक बारीक पण महत्त्वाची खोच आहे. प्रोइस्ट्रस हा जेमतेम १२ ते १४ तासांचा टप्पा. त्यात सकाळी इस्ट्रॅडिऑल (इस्ट्रोजेन गटातलं मुख्य हार्मोन) चढलेलं असतं आणि संध्याकाळपर्यंत प्रोजेस्टेरॉन हे अंडाशयाचं दुसरं हार्मोनही चढतं. सकाळी ९ ची प्रोइस्ट्रस मादी आणि रात्री ८ ची प्रोइस्ट्रस मादी यांचं रक्त एकसारखं नसतं. वुली, गूल्ड, फ्रँकफर्ट आणि मॅकइवेन यांनी १९९० मध्ये दाखवलं की हिप्पोकॅम्पसच्या सीए-१ भागातल्या चेतापेशींवरच्या काटेरी जोडण्यांची घनता प्रोइस्ट्रसच्या अखेरीपासून इस्ट्रसपर्यंत, म्हणजे चोवीस तासांत, सुमारे ३० टक्क्यांनी घटते. इतक्या वेगानं बदलणाऱ्या मेंदूची चाचणी घेताना नुसती तारीख पुरत नाही, घड्याळातली वेळही लिहा.

मग प्रोइस्ट्रसमध्ये मादी हुशार ठरते की मंद? वॉरेन आणि युरास्का यांच्या १९९७ च्या प्रयोगात, पाण्याच्या हौदात, लपलेला प्लॅटफॉर्म शोधण्यात इस्ट्रसमधल्या माद्या सरस ठरल्या आणि दिसणाऱ्या खुणेच्या कामात प्रोइस्ट्रसमधल्या. कोरोल आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये कोरड्या, अधिकचिन्हाच्या आकाराच्या मेझमध्ये पाहिलं तर चित्र जवळपास उलटं निघालं. प्रोइस्ट्रसमधल्या माद्या जागेच्या पद्धतीकडे झुकल्या, इस्ट्रसमधल्या वळणाच्या सवयीकडे. दोन्ही प्रयोग बरोबर असू शकतात. एक पाण्यात झाला, दुसरा खाऊसाठी. एकात क्षमता मोजली, दुसऱ्यात पसंती. चक्राचा परिणाम लिहिताना कामाचं नाव वगळलं तर वाक्य निरर्थक होतं.

शिवाय पाच दिवसांचं प्रशिक्षण म्हणजे एक पूर्ण चक्र. पाच दिवस शिकलेली मादी प्रत्येक टप्प्यातून गेलेली असते. तिला ‘प्रोइस्ट्रस गट’ म्हणता येत नाही. टप्प्याचा परिणाम पाहायचा असेल तर सगळं शिक्षण एका दिवसात बसवा, किंवा प्रशिक्षण सर्वांना सारखं देऊन फक्त आठवणीची चाचणी ठरल्या टप्प्यात घ्या.

पायरी ६: हौद, खोली, आणि भीती उतरवणारा सराव

उंदरांसाठी हौदाचा व्यास साधारण १.८ ते २.१ मीटर ठेवा. पाण्याचं तापमान २२ अंश सेल्सिअसच्या आसपास असावं आणि रोज मोजावं. प्लॅटफॉर्म १० ते १२ सेंटिमीटर रुंद, पाण्याखाली एक-दोन सेंटिमीटर. पाणी बिनविषारी पांढऱ्या रंगानं गढूळ करा. मादीचा देह लहान, त्यामुळे वजनाच्या मानानं अंगाचा पृष्ठभाग जास्त, आणि ती लवकर गारठते. दोन ट्रायलमध्ये (पोहण्याच्या फेऱ्यांमध्ये) अंग पुसून उबदार पिंजऱ्यात ठेवा, आणि हे नरांनाही करा. शेवटच्या ट्रायलला माद्या मंदावत असतील तर आधी तापमापक पाहा, सिद्धान्त नंतर.

भिंतींवरच्या खुणांत तुम्ही स्वतःही येता. मी रोज एकाच कोपऱ्यात एकाच स्टुलावर बसायचो. एकदा दाराजवळ बसलो आणि सगळे उंदीर भलत्याच चतुर्थांशात घिरट्या घालू लागले. तेव्हा कळलं, खोलीतली सर्वांत मोठी खूण मीच होतो. पडद्याआड बसा, कॅमेऱ्यातून पाहा.

आता या सगळ्या लेखातली सर्वांत मोलाची गोष्ट. पेरो-सिनाल आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये उंदरांच्या काही गटांना मुख्य परीक्षेआधी हौदाची ओळख करून दिली. त्या सरावात प्लॅटफॉर्म लपलेलाच होता, पण दर वेळी वेगळ्या जागी. म्हणजे जागा शिकण्यासारखं काहीच नव्हतं. शिकायचं ते एवढंच की या पाण्यातून सुटका आहे, ती काठाला नसून आत कुठेतरी पायाला लागते, तिच्यावर चढून थांबायचं असतं. अशी ओळख न झालेल्या गटात नर पुढे होते. ओळख झालेल्या गटात नर-मादी फरक उरला नाही. बेइको (Beiko) आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये हाच धागा तणावाशी जोडला. हौदातला नर-मादी फरक तणावाच्या प्रतिसादातल्या फरकातून बराचसा येतो, असा त्यांच्या कामाचा रोख आहे. उंदराच्या मादीत कॉर्टिकोस्टेरॉन हे तणावाचं हार्मोन मुळातच नरापेक्षा जास्त असतं आणि तणावात जास्त चढतं, त्यामुळे हे पटण्यासारखं आहे.

म्हणून निम्म्या उंदरांना हा सराव द्या आणि निम्म्यांना देऊ नका. प्रयोग दुप्पट होतो खरा, पण ‘जागा शिकण्यातला फरक’ आणि ‘पाण्याला सरावण्यातला फरक’ वेगळे करायचा इतका सोपा मार्ग दुसरा नाही. तेवढे उंदीर नसतील तर सर्वांनाच सराव द्या. सराव असा द्यायचा: हौदाभोवती पडदा ओढा म्हणजे खुणा दिसणार नाहीत, दिवसाला चार ट्रायल, दोन-तीन दिवस, प्लॅटफॉर्म दर वेळी नव्या ठिकाणी. उंदीर काठ सोडून मध्ये येऊ लागला आणि सापडलेल्या प्लॅटफॉर्मवरून परत उडी मारेनासा झाला की पुरे.

तणाव म्हणजे मादीचं नुकसान, असा मात्र समज करून घेऊ नका. बोमन, झ्रल आणि लुइन यांना २००१ मध्ये दिसलं की दीर्घकाळ रोज कोंडून ठेवलेल्या माद्यांची रेडियल मेझमधली कामगिरी सुधारली. नरांत अशाच तणावानं ती खालावते, हे आधीच दिसलं होतं.

पायरी ७: मुख्य प्रशिक्षण

इथे फार बोलण्यासारखं नाही. दिवसाला चार ट्रायल, पाच दिवस, प्लॅटफॉर्म एकाच जागी, सुरुवातीची जागा दर ट्रायलला वेगळी. उंदराला काठाकडे तोंड करून सोडा. ६० सेकंदांत सापडला नाही तर हातानं प्लॅटफॉर्मपर्यंत न्या. तिथे १५ ते ३० सेकंद बसू द्या, भोवताल पाहण्याचा वेळ तोच. वेगवेगळ्या उंदरांसाठी प्लॅटफॉर्मची जागा वेगवेगळ्या चतुर्थांशात ठेवा, म्हणजे एखादा कोपरा आपोआप सोपा निघाला तरी तो कोणा एकाच गटाच्या पदरात पडणार नाही. नर आणि माद्यांच्या चाचण्या सकाळभर आलटून पालटून घ्या. कोरड्या मेझमध्ये प्रत्येक उंदरानंतर पाट पुसा, कारण मादीच्या वासावर नर घुटमळतो.

नोंद करताना पोहोचायला लागलेला वेळ ही एकच गोष्ट लिहू नका. कापलेलं अंतर, वेग आणि काठाजवळच्या पट्ट्यात घालवलेल्या वेळाचं प्रमाणही लिहा. मादीनं नराइतकंच अंतर कापून जास्त वेळ घेतला असेल तर तो फरक पोहण्याचा, शिकण्याचा नव्हे. अंतर जास्त आणि तेही काठाकाठानं, तर भीतीचा संशय घ्या. काठ सुटला आहे, उंदीर मध्ये शोधतो आहे, तरीही अंतर जास्त, तेव्हाच जागेच्या शिक्षणाबद्दल बोलायला सुरुवात करा.

पायरी ८: पद्धत उघडी पाडणाऱ्या चाचण्या

प्रशिक्षणानंतर प्लॅटफॉर्म काढून ६० सेकंदांची प्रोब ट्रायल घ्या. लक्ष्याच्या चतुर्थांशात किती वेळ घालवला हे ठोकळ माप आहे. गॅलाघर आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये सुचवलेलं, क्षणोक्षणी लक्ष्यापासूनच्या अंतराची सरासरी, हे माप जास्त बारीक बोलतं. नंतर वर झेंडी लावलेला, दिसणारा प्लॅटफॉर्म ठेवून पाहा. इथेही एखादा गट मागे पडला तर अडचण नजरेची, पोहण्याची किंवा इच्छेची आहे आणि आधीचा निष्कर्ष मागे घ्यावा लागेल.

बहुतेक जण इथेच थांबतात. खरा मजकूर याच्या पुढे आहे, खुणांची अदलाबदल करण्यात.

१९९० साली विल्यम्स, बार्नेट आणि मेक यांनी बारा हातांच्या रेडियल मेझमध्ये उंदीर तयार केले आणि मग खोलीशी छेडछाड केली. कधी खोलीतल्या वस्तू हलवल्या, कधी खोलीचा आकार झाकला. नर मुख्यतः खोलीच्या भूमितीवर विसंबलेले निघाले. वस्तू इकडच्या तिकडे झाल्या तरी ते फारसे डगमगले नाहीत. माद्या वस्तू आणि भूमिती दोन्ही वापरत होत्या. मग नर-मादी फरक तुमच्या प्रयोगात दिसेल की नाही हे तुमच्या खोलीत काय आहे यावरही ठरतं. उघड्याबोडक्या, पडदे लावलेल्या खोलीत फक्त आकार उरला असेल तर तुम्ही मादीच्या हातातली एक काठी काढून घेतली आहे.

रॉड्रिगेझ, टोरेस, मॅकिंटॉश आणि चामिझो यांचा २०१० चा प्रयोग मला याहून नेटका वाटतो. त्यांनी त्रिकोणी हौद घेतला. प्लॅटफॉर्म एका विशिष्ट कोपऱ्यापाशी, आणि त्याच बाजूला हौदाबाहेर एक खूण. शिकवून झाल्यावर खूण दुसरीकडे नेली, म्हणजे कोपरा एक सांगतो आणि खूण दुसरं. माद्या जास्त वेळ खुणेच्या बाजूला शोधत राहिल्या, नर कोपऱ्यापाशी. नंतर खूण आणि कोपरा स्वतंत्रपणे दाखवले तेव्हा दोन्ही लिंगांनी दोन्ही गोष्टी शिकलेल्या होत्या. ज्ञान दोघांकडे होतं, पेच पडल्यावर भरवसा वेगवेगळ्या गोष्टीवर ठेवला गेला.

तुमच्या गोल हौदातही हे करता येतं. हौदाच्या कडेला एक ठळक वस्तू टांगा आणि ती प्लॅटफॉर्मपासून कायम ठराविक अंतरावर ठेवून शिकवा. मग तीन प्रोब घ्या: एकात वस्तू ९० अंशांनी फिरवलेली, एकात वस्तू काढून टाकलेली, एकात पडदे ओढून फक्त वस्तूच दिसणारी. तिन्हींचा क्रम प्रत्येक उंदरासाठी बदला. दोन प्रोबच्या मध्ये नेहमीच्या, प्लॅटफॉर्म असलेल्या ट्रायल द्या, नाहीतर ‘आता तिथे काही नसतं’ हेही उंदीर शिकतो.

पायरी ९: हार्मोनचा प्रश्न घ्यायचाच असेल तर

दोन काळ वेगळे ठेवा. जन्माच्या आसपासचे दिवस मेंदूची घडण ठरवतात. त्या काळात नर पिल्लाच्या वृषणांतलं टेस्टोस्टेरॉन मेंदूत शिरून बऱ्याच अंशी इस्ट्रॅडिऑलमध्ये बदलतं आणि ते काम करतं. विल्यम्स यांच्याच प्रयोगात जन्मताच वृषणं काढलेले नर मोठेपणी माद्यांसारखे वागले, आणि जन्मानंतर इस्ट्रॅडिऑल दिलेल्या माद्या नरांसारख्या. दुसरा काळ प्रौढपणाचा, त्यात हार्मोन्स येतात-जातात तसा परिणाम होतो. प्रौढ मादीची अंडाशयं काढून तुम्ही फक्त दुसऱ्या काळाला हात घालता, पहिला होऊन गेलेला असतो.

मात्रेचंही भान हवं. होम्स, वाइड आणि गॅलीया यांच्या २००२ च्या प्रयोगात अंडाशयं काढलेल्या माद्यांना कमी इस्ट्रॅडिऑल दिल्यावर रेडियल मेझमधली कामापुरती स्मृती (आत्ताच कोणत्या हातात जाऊन आलो याची तात्पुरती आठवण) सुधारली, जास्त दिल्यावर बिघडली. एकाच मात्रेवरून ‘इस्ट्रोजेन चांगलं’ किंवा ‘वाईट’ असं लिहिणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. शस्त्रक्रिया प्राणी-नैतिकता समितीची मंजुरी, भूल, वेदनाशामक आणि पशुवैद्य यांच्याशिवाय करायची नाही, हे सांगायला लागू नये.

पायरी १०: आकडे

उंदरांची संख्या ठरवताना नर-मादीच्या सरासरीतला फरक एवढाच डोळ्यांपुढे ठेवू नका. समजा तुम्ही एखादं औषधही देत आहात आणि तुमचा प्रश्न ‘औषधाचा परिणाम नर आणि मादीत वेगळा आहे का’ असा असेल, तर तो परस्परक्रियेचा, म्हणजे एका घटकाचा परिणाम दुसऱ्यावर अवलंबून असण्याचा, प्रश्न आहे, आणि परस्परक्रिया पकडायला साध्या फरकापेक्षा बरेच जास्त उंदीर लागतात.

सर्वांत सर्रास होणारी चूक अशी. नरांत औषधाचा परिणाम सार्थ निघाला, पी-मूल्य ०.०३ (परिणाम नसतानाही इतका फरक योगायोगानं दिसण्याची शक्यता, ०.०५ च्या खाली असेल तर सार्थ मानतात). माद्यांत निघाला नाही, पी-मूल्य ०.०८. निष्कर्ष लिहिला जातो: ‘औषध फक्त नरांवर चालतं.’ या दोन आकड्यांतून असं काहीच सिद्ध होत नाही. लिंग आणि औषध यांची परस्परक्रिया एकाच प्रारूपात तपासा आणि तीच नोंदवा.

एका उंदराच्या वीस ट्रायल म्हणजे वीस उंदीर नव्हेत. उंदीर आणि वेत हे यादृच्छिक घटक धरून मिश्र प्रारूप, म्हणजे एकाच उंदराचे किंवा वेताचे आकडे एकमेकांशी बांधलेले आहेत हे लक्षात घेणारं गणित, वापरा. ६० सेकंदांवर कापलेल्या वेळा ही खरी मोजमापं नसतात, ‘किमान ६०’ असा त्यांचा अर्थ असतो. पहिल्या दोन दिवसांत अशा वेळा पुष्कळ असतील तर सरासरीऐवजी जीवितता विश्लेषण, म्हणजे अशा कापलेल्या वेळा हिशेबात धरणारी पद्धत, जास्त प्रामाणिक ठरतं. कॅमेऱ्यानं टिपलेला उंदराचा मार्ग (ट्रॅकिंग) तपासणाऱ्याला उंदीर नर की मादी ते कळू देऊ नका. चित्रफितीत आकारावरून कधी कधी ओळखू येतं, पण निदान फाइलच्या नावात तरी नको.

पायरी ११: लिहिताना

उंदरांची जात, वय, वजन, वेतांची संख्या, पिंजऱ्यात किती जण, प्रकाशचक्र, चाचणीची वेळ, चाचणी घेणारा पुरुष की स्त्री, खोलीतल्या खुणांचा आराखडा, सराव दिला की नाही, आणि गळालेले उंदीर कोणत्या गटातले होते, हे सगळं लेखात यावं. फरक सापडला नसेल तरी नर आणि मादीचे आकडे वेगळे छापा, म्हणजे पुढे कोणी एकत्रित आढावा घेईल तेव्हा तुमचे उंदीर त्यात मोजले जातील.

मथळ्यात ‘नरांची स्मृती सरस’ असं लिहायचा मोह झाला तर आठवी पायरी पुन्हा वाचा. त्याऐवजी ‘सराव नसलेल्या लाँग-इव्हान्स नरांनी पहिल्या दोन दिवसांत कमी अंतर कापलं, सराव दिल्यावर फरक उरला नाही’ असं लिहा. वाक्य लांबतं, संपादक कुरकुरतात. पण दुसऱ्या प्रयोगशाळेतल्या कोणाला तोच प्रयोग पुन्हा करायचा असेल, तर तिला कोणते उंदीर आणायचे, पहिल्या दिवशी काय करायचं आणि कोणत्या दिवशी काय दिसायला हवं, हे त्या वाक्यातून कळतं.